प्रबोधनकालीन पद्धतीने बाजूच्या चेहऱ्याचे रेखाटन कसे करावे

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील एखाद्या सरदाराचे किंवा नववधूचे व्यक्तिचित्र काढायचे झाले, तर चित्रकार त्या व्यक्तीला बहुधा आपल्याकडे पाहायला सांगत नसे. चेहरा बाजूने, एकच डोळा दिसेल असा रेखाटला जाई. या रीतीमागे रोमन नाण्यांचा मोठा वाटा होता. त्या काळचे विद्वान जुनी नाणी हौसेने जमवत. कवी पेत्रार्कने १३५४ साली मांतुआ येथे पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या चौथ्या चार्ल्सला अशी काही नाणी भेट दिली होती. नाण्यांवरच्या सम्राटांसारखी आपलीही मुद्रा मागे राहावी, ही इच्छा इटलीतील राजेरजवाड्यांच्या मनात हळूहळू मूळ धरू लागली. बायझंटाइन सम्राट आठवा जॉन १४३८ मध्ये चर्चच्या परिषदेसाठी फेरारा येथे आला, तेव्हा इटालियन चित्रकार व पदककार पिझानेल्लोने त्याची रेखाटने केली आणि सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे ओतीव पदक घडवले. उंच टोपी, टोकदार दाढी आणि नाकाची बाकदार रेषा एवढ्यावर त्या पदकातला माणूस उभा आहे.

पुढे १४७० च्या दशकात फ्लँडर्सच्या चित्रांचा प्रभाव वाढला आणि चेहरा पाऊण बाजूने, म्हणजे दोन्ही डोळे दिसतील असा किंचित वळवून, दाखवण्याची पद्धत रुळली. लिओनार्दोने जिनेव्रा दे बेंचीला तसेच रंगवले. तरीही रेखाटनात बाजूचा चेहरा मागे पडला नाही, कारण डोके बांधायला शिकण्याचा त्याहून सरळ मार्ग नाही. समोरून पाहताना नाकाची उंची, कपाळाचा उतार आणि हनुवटीचा पुढे आलेला भाग यांचा केवळ अंदाज करावा लागतो. बाजूने पाहताना हे सर्व एकाच रेषेत उघडे पडते. ती एक रेषा चुकली, तर पुढे कितीही सुंदर छटा दिल्या तरी माणूस ओळखू येत नाही; ती साधली, तर छटा न देताही तो ओळखू येतो. म्हणून या लेखातील बहुतेक सूचना त्या रेषेपर्यंत नीट पोहोचण्यासाठी आहेत.

साहित्य: चांदीची लेखणी आणि अस्तर दिलेला कागद

त्या काळच्या फ्लॉरेन्समधील कार्यशाळांत अशा रेखाटनासाठी धातूची लेखणी, विशेषतः चांदीची, फार वापरली जाई. साध्या कागदावर चांदी उमटत नाही. कागदावर हाडांच्या राखेसारख्या किंचित खरखरीत पुडीचे अस्तर असेल, तर ती पूड चांदीचे अतिसूक्ष्म कण खरवडून घेते आणि करडी, अतिशय बारीक रेषा उमटते. हेच काम पेन्सिलीनेही करता येईल, पण चांदी वापरून पाहावी असे मी आग्रहाने सुचवतो. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिलेल्या अनेकांच्या हाताला जोर देऊन रेषा गडद करण्याची सवय असते. चांदी त्या सवयीला दाद देत नाही. जोर वाढवला तर अस्तर फाटते, रेषा मात्र फारशी गडद होत नाही. त्यामुळे हात आपोआप हलका होतो आणि रेषा ओढण्याआधी डोळा अधिक वेळ पाहू लागतो.

लेखणीसाठी सोनाराकडून शुद्ध चांदीची, २ मिलिमीटर जाडीची आणि सुमारे ६ सेंटिमीटर लांबीची तार घ्यावी. तिचे वजन जेमतेम २ ग्रॅम भरते. ही तार २ मिलिमीटर शिशासाठी बनवलेल्या क्लच पेन्सिलीत बसते. तारेचे टोक बारीक पॉलिश पेपरवर फिरवून आधी निमुळते आणि मग गोलसर करावे. टोक धारदार राहिले तर ते रेषा काढण्याऐवजी ओरखडे पाडते, म्हणून बोटाच्या कातडीवर फिरवून ते टोचत नाही याची खात्री करून घ्यावी. दागिन्यांच्या चांदीत थोडे तांबे असते, पण तीही चालते.

कागद गुळगुळीत पृष्ठभागाचा, पूर्ण सुती आणि प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा. जलरंगाच्या कागदांत तो हॉट प्रेस या नावाने मिळतो. अस्तर दोन प्रकारे करता येते. जुनी रीत इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीने सुमारे १४०० साली लिहून ठेवली आहे. कोंबडीच्या पंखांची व मांडीची हाडे विस्तवात टाकावीत, ती राखेहून पांढरी झाली की काढून दगडी पाट्यावर बारीक वाटावीत, आणि हाडे जितकी जुनी तितकी बरी, असे तो सांगतो. कागदासाठी ही पूड पातळ सरसात कालवून लावली जाई. आजच्या घरी सोपी वाट म्हणजे पांढरा गाउश (अपारदर्शक जलरंग), शक्य तर झिंक व्हाइट. तो पाण्यात कालवून दुधापेक्षा किंचित दाट करावा आणि त्यात चिमूटभर पिवडी किंवा गेरू मिसळून फिकट रंगछटा आणावी. ही छटा केवळ शोभेसाठी नसते. कागद मधल्या उजळपणाचा असला की चांदीची रेषा त्याहून गडद आणि शेवटी लावायचा पांढरा त्याहून उजळ दिसतो, आणि दोन्ही दिशांना जागा राहते. पंधराव्या शतकातील रेखाटनांत फिकट गुलाबी, हिरवट, निळसर आणि मलई रंगाची अस्तरे आढळतात.

कागद चारही बाजूंनी फळीवर टेपने चिकटवावा. रुंद मऊ ब्रशने पहिला हात आडवा द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा आणि मग तिसरा पुन्हा आडवा. ब्रशचे ओघळ राहिले तर वाळल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे. पावसाळ्यात दमट हवेत प्रत्येक हात वाळायला बराच वेळ लागतो. ओलसर अस्तरावर चांदी चालवली तर ती खोल चर पाडते आणि तो चर पुढे कशानेही झाकत नाही, म्हणून शेवटच्या हातानंतर कागद रात्रभर तसाच ठेवावा.

व्यक्तीला बसवणे आणि प्रकाश

उजव्या हाताने काढणाऱ्याला डावीकडे तोंड केलेला चेहरा सोपा जातो, कारण कपाळापासून हनुवटीपर्यंतची रेषा मनगटाच्या सहज वळणात बसते. डावखुऱ्यांनी व्यक्तीला उजवीकडे तोंड करून बसवावे. तिचे डोळे आणि तुमचे डोळे एका उंचीवर असावेत आणि दोघांत किमान २ मीटर अंतर असावे. याहून जवळ बसल्यास जवळचा कान आणि गाल मोठे दिसू लागतात. जवळून काढलेल्या मोबाइलच्या छायाचित्रातही हाच दोष असतो, म्हणून छायाचित्रावरून काढायचेच असेल तर ते लांबून झूम करून घ्यावे.

शुद्ध बाजू साधली आहे की नाही, हे तपासायला एक खूण पुरेशी आहे. पलीकडच्या भुवईचा किंवा पापणीच्या केसांचा थोडासाही भाग दिसत असेल, तर डोके तुमच्याकडे वळलेले आहे. व्यक्तीला आपल्या डोळ्यांच्या उंचीवरची भिंतीवरील एखादी खूण निश्चित करून तिच्याकडे पाहायला सांगावे आणि दर वीस मिनिटांनी विश्रांती द्यावी. विश्रांतीनंतर मान हमखास किंचित खाली आलेली असते. ती पुन्हा जागेवर आणल्याशिवाय लेखणी हातात घेऊ नये.

प्रकाश मंद आणि एकाच दिशेचा असावा. चेन्निनीने चित्रकाराला आपल्या डाव्या बाजूने प्रकाश येईल असे बसायला सांगितले आहे, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही. व्यक्तिचित्रासाठी लिओनार्दोला संध्याकाळची किंवा ढगाळ हवेची वेळ आवडे. भिंती काळ्या केलेल्या आणि उन्हात वर कापड ताणता येईल अशा अंगणात व्यक्तीला बसवावे, असे त्याने लिहिले आहे. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीला पातळ पांढरे कापड लावले तरी तसाच प्रकाश मिळतो. व्यक्ती ज्या दिशेला पाहते त्याच दिशेने प्रकाश आला की कपाळ, नाक आणि ओठ उजळ राहतात आणि कानामागचा व मानेचा भाग सावकाश अंधारात जातो. सुरुवातीला हीच मांडणी ठेवावी.

मापे: आधी चौकट, मग तिच्यातून बाहेर पडणे

प्राचीन रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसची मापे प्रबोधनकालीन कलावंतांना पाठ होती. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर उंचीच्या एक अष्टमांश आणि हनुवटीपासून कपाळावरच्या केसांच्या कडेपर्यंतचे अंतर एक दशांश, असे तो सांगतो. चेहऱ्याचे तीन समान भाग होतात: हनुवटीपासून नाकाच्या तळापर्यंत, तेथून भुवयांपर्यंत आणि भुवयांपासून केसांपर्यंत. व्हेनिसच्या अकादमी संग्रहात लिओनार्दोचे एक रेखाटन आहे, ज्यात त्याने पुरुषाच्या बाजूच्या चेहऱ्यावर चौकोनी रेषा आखून हीच मापे तपासली आहेत.

आपल्या कागदावर ती अशी बसवावीत. ए-४ कागदावर माथ्यापासून हनुवटीपर्यंत १२ सेंटिमीटर उंची धरावी. वरील प्रमाणाने चेहऱ्याची उंची ९.६ सेंटिमीटर येते आणि तिचा प्रत्येक तृतीयांश ३.२ सेंटिमीटर. म्हणजे हनुवटीपासून ३.२ सेंटिमीटरवर नाकाचा तळ, ६.४ वर भुवई आणि ९.६ वर केसांची कड. डोळा डोक्याच्या उंचीच्या मधोमध, म्हणजे ६ सेंटिमीटरवर, भुवईच्या लगेच खाली येतो. कपाळापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंतची खोली उंचीच्या साधारण सात अष्टमांश, म्हणजे सुमारे १०.५ सेंटिमीटर असते. कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान, या खोलीच्या मध्यरेषेच्या किंचित मागे बसतो.

नवशिक्यांच्या रेखाटनात डोके मागून कापल्यासारखे दिसते, कारण चेहऱ्यावर लक्ष खिळल्याने कवटीला पुरेशी खोली दिली जात नाही. सात अष्टमांशाची खूण आधी करून ठेवली की हा दोष मुळातच टळतो.

या रेषा चांदीने काढू नयेत. राफाएल अनेकदा बोथट टोकाच्या लेखणीने कागद केवळ दाबून, कोणताही रंग न उमटवता, प्राथमिक मांडणी करीत असे. तशीच बोथट विणकामाची सुई घेऊन अस्तरावर अगदी हलके दाबावे. तिरप्या प्रकाशात खुणा दिसतात आणि समोरून पाहताना नाहीशा होतात.

मापे जागेवर आली की समोरच्या माणसाकडे वळावे. त्याचे कपाळ तृतीयांशापेक्षा लहान असेल, हनुवटी लांब असेल, कान खाली असेल. जिथे तो मापांपासून वेगळा आहे तिथेच तो स्वतः आहे. हात पूर्ण ताठ करून पेन्सिलीवर अंगठ्याने मापे घेण्याची परीक्षेच्या वेळची पद्धत येथे उपयोगी पडते. स्त्रियांच्या चित्रांची प्रतिकृती करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी कपाळ उंच दिसावे म्हणून पुढचे केस उपटून काढले जात. पिएरो देल्ला फ्रांचेस्काने रंगवलेल्या बात्तिस्ता स्फोर्झाच्या चित्रात वरचा तृतीयांश बराच मोठा आहे, आणि तो चित्रकाराचा दोष नव्हे.

बाह्यरेषा

फ्लॉरेन्समधील उफित्सी संग्रहालयात बात्तिस्ताच्या चित्राशेजारी तिच्या पतीचे, उर्बिनोच्या फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोचे चित्र आहे. १४५० साली भाल्यांच्या खेळातील द्वंद्वात फेदेरिकोचा उजवा डोळा गेला होता, म्हणून तो नेहमी डाव्या बाजूने चितारला गेला. या चित्रात नाकाच्या मुळाशी खोल खाच आहे आणि तिच्या लगेच खाली हाडाचा उंचवटा येतो. पिएरोने ती खाच सौम्य केली नाही आणि तिचे अवडंबरही माजवले नाही. कपाळाची रेषा जितक्या शांतपणे खाली येते तितक्याच शांतपणे ती खाचेत उतरते आणि पुन्हा वर चढते. रेखाटनापूर्वी हे चित्र समोर ठेवून ती रेषा हवेत बोटाने दोन-चार वेळा गिरवावी. आवाज न चढवता खरे सांगणारी रेषा कशी असते, हे त्यातून कळते.

प्रत्यक्ष काम वळणबिंदूंपासून सुरू करावे. केसांची कड, भुवईवरचा उंचवटा, नाकाचे मूळ, नाकाचे टोक, नाकाचा तळ जिथे वरच्या ओठाला मिळतो ती जागा, दोन्ही ओठ मिळतात ती जागा, खालच्या ओठाखालचा खळगा आणि हनुवटीचे सर्वांत पुढचे टोक, असे आठ बिंदू होतात. उंची मापांवरून कळते. ते किती पुढे किंवा मागे आहेत हे मात्र ओळंब्यावरून ठरते. दोऱ्याला वजन बांधून तो समोर धरावा आणि वस्तू एकमेकींच्या कोणत्या रेषेत येतात ते पाहावे, असे लिओनार्दोने विद्यार्थ्यांना सांगितले आहे. ओळंबा व्यक्तीच्या नाकाच्या मुळाशी लावून पाहावे. वरचा ओठ त्या उभ्या रेषेच्या किती पुढे येतो? खालचा ओठ त्याच्या मागे राहतो का? हनुवटी रेषेला शिवते की मागे सरते? हे तीन प्रश्न सुटले की अर्धे साम्य हाती आले.

मग बिंदू जोडावेत, पण एका दमात नव्हे. कपाळ एक तुकडा, नाक दुसरा, ओठ तिसरा, हनुवटी चौथा; प्रत्येक तुकड्याआधी थांबून चेहऱ्याच्या पुढे असलेल्या रिकाम्या भिंतीचा आकार पाहावा. नाकाखाली आणि ओठांपुढे तो रिकामा आकार कधी त्रिकोणी, कधी अरुंद फटीसारखा होतो, आणि तो बरोबर आला तर नाक आणि ओठ बरोबर येतात. नाकाची रेषा सरळ ओढू नये. वरचा भाग हाडाचा आणि खालचा कूर्चेचा असतो, आणि दोन्ही मिळतात तिथे रेषेचा कल किंचित बदलतो. काही चेहऱ्यांत तो बदल ठळक असतो, काहींत जेमतेम जाणवतो, पण तो असतोच.

तोंडाची रेषा बाजूने फार छोटी दिसते. समोरून जितकी रुंद वाटते त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि तिचा शेवट साधारण डोळ्याच्या पुढच्या भागाच्या खाली येतो. हात तिला गालापर्यंत ओढू पाहतो, तो आवरावा. हनुवटीखालची रेषा आधी मागे जाते आणि मग मानेकडे वळते. मान उभी नसते. ती खांद्यांतून वर येताना पुढे झुकते, आणि गळ्याचा खड्डा मानेच्या मागच्या तळापेक्षा खाली असतो. हा कल हरवला की सुंदर काढलेले डोके खांबावर ठेवल्यासारखे दिसते. मिलान येथील पोल्दी पेत्सोली संग्रहालयात पोल्लाइउओलोच्या नावे असलेले, सुमारे १४७० चे स्त्रीचे चित्र आहे. त्यात मानेच्या मागची आणि पुढची अशा दोन्ही रेषा एकमेकींना उत्तर देत खाली उतरतात; मान शिकण्यासाठी मला त्याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

रेषेची जाडी बदलायची असेल तर जोर देऊन नव्हे, तीच रेषा पुन्हा गिरवून बदलावी. प्रकाशातल्या कपाळावर रेषा एकदाच ओढावी; नाकपुडीखाली, ओठांच्या मिळणीत आणि हनुवटीच्या तळाशी ती दोन-तीनदा हलकेच गिरवावी.

डोळा आणि कान

बाजूचा डोळा बदामी आकाराचा नसतो. समोरून दिसणाऱ्या डोळ्याची सवय इतकी पक्की असते की पुष्कळजण बाजूच्या चेहऱ्यावरही तोच आकार काढतात. खरे तर तो पुढे उघडणारा कोन असतो. वरची पापणी बुबुळावरून पुढे आलेली असते, खालची तिच्या थोडी मागे असते, आणि दोघींच्या मध्ये बुबुळाचा पुढचा फुगीर काठ दिसतो. त्यातले काळे वर्तुळ उभ्या अरुंद लंबवर्तुळासारखे दिसते आणि वरच्या पापणीखाली किंचित झाकलेले असते. पापण्यांना जाडी असते. वरच्या पापणीच्या कडेला दोन अगदी जवळच्या रेषा काढल्या तरी ती जाडी येते, आणि तेवढ्याने डोळा खोबणीत बसलेला दिसतो. नाकाच्या मुळापासून बुबुळाच्या पुढच्या काठापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे, कारण डोळा नाकाला चिकटवण्याची चूक फार वेळा होते.

कान बहुतेक चेहऱ्यांत जबड्याच्या मागच्या कडेला समांतर, किंचित मागे कललेला असतो. आधी त्याचा बाहेरचा कल आणि लांबी, मग वरची कड आणि पाळी, आणि शेवटी आतले वळण, या क्रमाने काढावा. त्यावर फार वेळ घालवू नये.

समांतर रेषांची छटा

बाह्यरेषा पक्की झाल्यावरच छटा सुरू करावी. बोटाने किंवा कापडाने घासून सावली करण्याला येथे जागा नाही. चांदी पसरत नाही. जवळजवळ आणि एकाच दिशेच्या बारीक रेषांचे थर एकावर एक चढवून अंधार तयार करावा लागतो. ब्रिटिश म्युझियममधील लिओनार्दोचे शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचे बाजूचे रेखाटन, किंवा विंडसरच्या राजसंग्रहातील सुमारे १४९० चे तरुण स्त्रीचे बाजूचे रेखाटन मोठे करून पाहावे. त्याच्या रेषा वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या बाजूकडे उतरतात, कारण तो डावखुरा होता. उजव्या हाताच्या व्यक्तीने त्यांची नक्कल करू नये. आपल्या मनगटाला सहज जाणारी, खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी दिशाच धरावी.

पहिला थर संपूर्ण सावलीच्या भागावर एकसारखा द्यावा: कानशील, डोळ्याची खोबण, नाकपुडीच्या मागचा उतार, गालाच्या हाडाखालचा भाग, जबड्याखालची मान आणि कानामागचा भाग. रेषांमधले अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावे. थोडे थांबून दुसरा थर फक्त त्यातल्या अधिक गडद भागावर द्यावा, तिसरा जबड्याखाली आणि कानामागे. थर चढवताना दिशा थोडी बदलावी, म्हणजे जाळी दाट होते. चांदीचा गडदपणा लवकरच एका टप्प्यावर थांबतो. आणखी गिरवले तरी तो पुढे जात नाही आणि अस्तर चमकू लागते. चमक दिसली की तिथे हात थांबवावा. त्यामुळे सर्वांत गडद जागा कोणती, हे आधीच ठरवावे लागते. बाजूच्या चेहऱ्यात ती बहुधा जबड्याच्या कोनाखाली असते, आणि तिच्याशी तुलना करून बाकी सर्व छटा मंद ठेवाव्यात.

चेहऱ्याच्या पुढच्या काठावर, म्हणजे कपाळ, नाक आणि ओठ यांच्या रेषेला लागून, जवळजवळ काहीच करू नये. तिथला कोरा कागदच कातडीचा उजेड होतो.

केस आणि वस्त्र

केसांत एकेक केस मोजत बसण्याऐवजी आधी पुंजके पाहावेत. प्रत्येक पुंजक्याला उजळ बाजू आणि गडद बाजू असते. रेषा केवळ गडद बाजूला आणि पुंजके एकमेकांखाली जातात त्या ठिकाणी द्याव्यात. वेणी किंवा अंबाडा असेल, तर वळणे कवटीच्या गोलाईवरून फिरतात हे दाखवावे. ती सपाट राहिली तर सर्व कष्ट वाया जातात. फ्लॉरेन्सच्या धनिक घराण्यांतील स्त्रियांच्या चित्रांत मोत्यांच्या माळा, केसातील फिती आणि भरजरी बाह्या फार बारकाईने दिसतात, कारण लग्नानंतरच्या त्या चित्रांतून दोन्ही घराण्यांची श्रीमंती दाखवायची असे. घिर्लांदायोने रंगवलेले जिओवान्ना तोर्नाबुओनीचे, १४८८ साल लिहिलेले चित्र, जे आता माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे, त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याच वर्षी ती दुसऱ्या बाळंतपणाच्या काळात वारली. रेखाटनात मात्र माझे मत असे की वस्त्र दोन-चार मोकळ्या रेषांत संपवावे. खांदा आणि गळ्याची कड दाखवली की डोके अधांतरी राहत नाही, आणि पाहणाऱ्याचे लक्ष चेहऱ्यावर टिकते.

पांढरा रंग

पंधराव्या शतकात उजेडाचे बिंदू शिसाच्या पांढऱ्या रंगाने, बारीक कुंचल्याने दिले जात. शिसे विषारी असल्याने आज पांढरा गाउश वापरावा. तो पातळ करून शून्य किंवा एक क्रमांकाच्या ब्रशने रेषांच्या स्वरूपातच लावावा: कपाळाच्या उंचवट्यावर, नाकाच्या टोकाजवळ, वरच्या पापणीवर, खालच्या ओठावर आणि गालाच्या हाडावर. पांढरा आणि चांदीची छटा एकमेकींना भिडू देऊ नयेत. मध्ये अस्तराचा रंग मोकळा राहिला पाहिजे. दोन्ही एकमेकींवर आल्या तर राखाडी चिखल होतो आणि कागदाचा मधला उजळपणा हरवतो. नाकाच्या टोकावरचा पांढरा ठिपका सर्वांत शेवटी द्यावा, कारण तो दिला की चित्र एकदम पूर्ण वाटू लागते आणि बाकी जागांकडे नीट पाहिले जात नाही.

दुरुस्ती, नकल आणि जपणूक

खोडरबराने चांदी निघत नाही. छोटी चूक असेल तर ओल्या ब्रशने तेवढाच भाग भिजवून, अस्तराचा रंग पुन्हा लावून, वाळवून मग नव्याने काढता येते. तो तुकडा उन्हात तिरपा धरला की ओळखू येतो, पण समोरून फारसा दिसत नाही. मोठी चूक, उदाहरणार्थ डोक्याची खोली कमी पडणे, दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. नवा कागद घ्यावा. जुन्या कागदावरून फक्त चेहऱ्याची बरोबर साधलेली रेषा उचलता येते. त्यासाठी पातळ कागदावर ती गिरवून, रेषेवर सुईने छिद्रे पाडून, त्यातून कोळशाची पूड पुरचुंडीने थोपटून नव्या कागदावर ठिपके उमटवावेत. चित्रे उतरवून घेण्याची प्रबोधनकाळातील ही नेहमीची पद्धत होती. लूव्र संग्रहालयातील इझाबेल्ला देस्तेच्या रेखाटनाच्या रेषांवर अशी छिद्रे आहेत. लिओनार्दोने ते १४९९ ते १५०० च्या सुमारास काळ्या, लाल आणि पिवळसर खडूंनी काढले. त्यात धड समोर वळलेले आणि डोके शुद्ध बाजूचे आहे, त्यामुळे चांदीवर हात बसल्यानंतर पुढचा सराव म्हणून ते फार उपयोगी आहे.

ताज्या रेखाटनाचा रंग थंड करडा असतो. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तपकिरी होत जातो, म्हणून उबदार छटा हवी असेल त्यांनी चित्र लगेच काचेत बंद करू नये. चांदी बोटाने पुसली जात नाही, त्यामुळे फिक्सेटिव्हची (रेषा पक्क्या करणाऱ्या फवाऱ्याची) गरज नसते. फवारल्यास उलट अस्तरावर डाग पडण्याची भीती असते. अस्तर दिलेला कागद गुंडाळला तर भेगा पडतात, म्हणून तो नेहमी सपाट ठेवावा, आणि चौकटीत लावताना काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याची खिडकी असावी, म्हणजे दमट महिन्यांत अस्तर काचेला चिकटणार नाही.